कप्तान गप्प नव्हता

मी गेम खेळायचा कंट्रोलर बोलतोय. सावकाश बोलतो, तेवढं चालवून घ्या. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगठ्याखाली गेलं, त्यामुळे स्वतःहून तोंड उघडायची सवय नाही. पण सध्या आमच्या घरात जे झालंय ते माझ्या पोटात मावत नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. काळं प्लास्टिक, अंगठ्यांनी फिरवायच्या दोन स्टिक, थोडी बटणं, पोटात थरथरायला मोटरी आणि ऐकायला एक बारीक माईक. पट्ट्याच्या टोकाला हातमोजे घातलेली एक बाई बसली होती. तिने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला पुढे ढकललं. लेकराला अंघोळ घालून पुढच्याच्या हवाली करावं तसं. मग खोका, मग अंधार, मग दुकानाचं कपाट.

मला घेतलं एका मुलीने. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, 'मूठ आवळा' म्हणायचं आणि नीडल कधी गेली ते त्यांना कळू द्यायचं नाही. असा हात मिळणं म्हणजे कंट्रोलरचं भाग्य. लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून मलाही घेऊन आली. तिचा नवरा छापखान्यात कामाला. मला पाहून म्हणाला, "हे पण सामान आहे होय?"

"तू चालशील एक वेळ नसलास तरी. हा लागतो," ती म्हणाली.

घरात तिसरं माणूस म्हणजे तिचे सासरे, बाबा. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात मांडीवर पडून असायचा, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. आणि शब्द उशिरा यायचे. डोक्यात सगळं लख्ख असायचं, पण डोक्यापासून ओठांपर्यंतचा रस्ता फार लांबचा झाला होता.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. समोरचा अडखळला की त्यांना दया येते, आणि दया आली की ती त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात. बाबांनी "प…" म्हटलं की मुलगा उठायचा. "पाणी ना? आणतो." खरं तर त्यांना पंखा लावून हवा असायचा. बाबा आलेलं पाणी पिऊन टाकायचे. एवढ्यासाठी कुठे भांडायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं.

दुपारी लॅबमधून आली की ती तासभर माझ्याबरोबर बसायची. तेव्हा 'दूरतारा' नावाचा गेम चालू होता. आपण एका जहाजाचे कप्तान, जहाज आकाशातलं, बरोबर चार-सहा माणसं, आणि या ग्रहावरून त्या ग्रहावर जात लोकांचे तंटे सोडवायचे. एक दिवस जहाज दगडांच्या फटीत अडकलं. ती वैतागली होती. शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "डा… वी… कडून…"

ती थांबली. दयेने नाही, गरजेने. तिला खरंच वाट सापडत नव्हती.

"…काढ."

"तुम्हीच काढा मग," म्हणत तिने माझी डावी बाजू त्यांच्या डाव्या हातात दिली. उजवी स्वतःकडे ठेवली. बाबांनी जहाज असं काढलं की मागच्या बाजूला ओरखडा नाही. अरुंद पुलावरून समोरची गाडी चुकवत आयुष्य काढलेला अंगठा होता तो.

तेव्हापासून मी दोघांचा झालो. डावी बाजू बाबांची, उजवी सुनेची. जहाज त्यांनी हाकायचं. दारं उघडणं, बंदूक चालवणं, माणसांशी बोलणं तिने करायचं. ते तिला कंडक्टर म्हणायला लागले. तिने "डबल" म्हटल्याशिवाय जहाज तळावरून हलवायचे नाहीत, मग शत्रू मागे लागलेला का असेना. दोन बेल मिळाल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा नियम त्यांच्या लेखी आकाशातही होता. आणि माझं 'कंट्रोलर' हे नाव ऐकून हसले होते. "स्टँडवरचा… कंट्रोलर… शिट्टी मारायचा. हा… गुदगुल्या… करतो."

पण त्या गेममध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच होती. कुणी कप्तानाला प्रश्न विचारला की पडद्यावर तीन उत्तरं यायची आणि जग थांबून राहायचं. आपण एक निवडेपर्यंत समोरचा उभा. बाबा ती उत्तरं वाचायचेच नाहीत. ते आपलं स्वतःचं उत्तर द्यायचे, आणि त्यातल्या त्यात जवळचं उत्तर सून निवडायची. सुरुवातीला एक शब्द यायचा. मग दोन. मग वाक्य. गेम संपत आला तेव्हा त्यांनी एका सेनापतीला असं झापलं की ती पोट धरून हसली. "बाबा, यातलं एकही उत्तर एवढं तिखट नाहीये हो."

तो गेम संपला, आणि कळलं की दुसरा भाग येतोय. बनवणाऱ्यांनी आधी खेळून मत द्यायला काही जणांना निवडलं होतं, त्यात आमची सून. त्या दिवशी बाबांनी सकाळीच डाव्या हाताने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जेवण होताच सोफ्यावर येऊन बसले. सून घरात शिरली ती चपला न काढताच पडद्यासमोर.

काय सांगू तुम्हाला. पहिल्या भागात जहाज उडताना आतून हिंडता येत नव्हतं, आता येत होतं. इंजिनखोली, स्वयंपाकघर, माणसांच्या झोपायच्या फळ्या, सगळं. किती सामान जवळ बाळगायचं, ही ओझ्याची कटकट गेली होती. लढाई आता थांबायची नाही, सलग चालायची. मला धास्ती वाटली, पण बाबा खूश. "भर रस्त्यात… गाडी… थांबते का कधी?" आणि माझ्यासाठी तर पर्वणीच. वाळूच्या ग्रहावर मी बारीक किरकिरायचो, बर्फावर टकटकायचो, इंजिन गरम झालं की एका बाजूने गुरगुरायचो. बाबांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्या पाठीवर ठेवला. मग म्हणाले, "तिसरा गिअर… असाच… वाजायचा."

जहाजावर इंजिन सांभाळणारी एक म्हातारी मिस्त्रीण होती. बाबांचं आणि तिचं पहिल्या भागापासून जमायचं. ती इंजिनखोलीत फडक्याला हात पुसत आली आणि म्हणाली, "कप्तान, इंजिन आणखी एक फेरी सोसेल, माझे गुडघे सोसणार नाहीत. या तळावर उतरू का मी?"

तीन उत्तरं आली. आणि त्यांच्याखाली एक पांढरी रेघ आली. ती आखडायला लागली.

बाबांनी तोंड उघडलं. "उतरायचं… असेल…"

रेघ संपली. पडद्यावर अक्षरं उमटली: कप्तान गप्प राहिला. मिस्त्रीण मान खाली घालून वळली, पिशवी उचलली आणि गेली.

बाबा पडद्याकडे पाहत राहिले. "मी… गप्प… नव्हतो."

दुसऱ्या भागातला हा मोठा बदल होता. बोलण्याला रंगत यावी म्हणून उत्तराला घड्याळ लावलं होतं. लहान पोरांना त्यात मजा येत असेल, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे जो भेटेल त्याच्यापुढे कप्तान गप्प राहायला लागला. सोबती रागावून उतरायला लागले. मग सुनेने, जहाज रिकामं होऊ नये म्हणून, रेघ दिसली की झटकन स्वतःच उत्तर निवडायला सुरुवात केली. बाबांनी "अ…" म्हणेपर्यंत बटण दाबलेलं. तिच्या अंगठ्याखाली मला ते कळत होतं, तिला कळत नव्हतं. तिचा नवरा करायचा तेच ती करायला लागली होती.

मग एका दुपारी बाबांनी माझ्यावरचा हात काढून घेतला. "तूच… खेळ."

आठवडाभर ते आले नाहीत. खिडकीपाशी बसायचे. बोलणं पुन्हा एका अक्षरावर आलं. मुलगा म्हणाला, "त्यांना पत्त्यांचा गेम लावून दे की. शांत बसतील."

"शांत बसवण्यापायीच तर बोलणं घालवलंय आपण त्यांचं," ती म्हणाली. "तू पण आणि आता मी पण."

ती खिडकीपाशी गेली. "बाबा, त्या लोकांनी मत मागितलंय. तुम्ही सांगा, मी लिहिते. मध्ये बोलणार नाही."

बाबांनी विचार केला. त्यांच्या डेपोची एक रीत होती. गाडीची तक्रार वर्कशॉपला लिहायची तर आधी काय चांगलं चाललंय ते लिहायचं. ब्रेक ठीक, हॉर्न ठीक, दिवे ठीक, म्हणजे मेकॅनिकचा वेळ फुकट जात नाही. दोष शेवटी. त्याच रीतीने त्यांनी सांगायला घेतलं. जहाजाचा आतला भाग उत्तम. ओझ्याची कटकट काढलीत, बरं केलंत. वाळू खरी वाटते. सलग लढाई पसंत. स्वयंपाकघरातल्या दिव्याचंही कौतुक केलं. तिने शब्दन् शब्द लिहिला. शेवटी रेघेचा दोष आला, तोही लिहिला, आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं: आपल्याला दुसरा भाग इतका संपूर्ण आवडला हे वाचून आनंद झाला.

ती चक्रावली. पाठवलेलं पुन्हा उघडून पाहिलं. त्या चौकटीत अमुकच अक्षरं मावत होती. दिव्याच्या कौतुकापाशी चौकट भरली होती, आणि पुढचं सगळं बिनबोभाट कापलं गेलं होतं.

"बाबा, त्यांनीही मध्येच तोडलं आपल्याला," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं, आता हे कायमचे खिडकीपाशी. पण बाबांच्या खांद्याला हिसके बसायला लागले. हसत होते. झटक्यानंतर मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. "ब्रेक… ठीक," ते म्हणाले, "हॉर्न… ठीक," आणि पुढे बोलवेना. तीही जमिनीवर बसून हसत सुटली. डोळे पुसून झाल्यावर बाबांनी डावा हात पुढे केला. "आण… ते हँडल."

माझ्या मधोमध एक छोटं बटण आहे. ते दाबलं की पडद्यावर चाललेलं आणि खोलीत बोललेलं दोन्ही साठवलं जातं. सुनेने ते दाबलं, मिस्त्रिणीचा तो प्रसंग पुन्हा सुरू केला आणि आपला अंगठा बटणावरून उचलून धरला. मिस्त्रिणीने प्रश्न विचारला. बाबा बोलायला लागले. रेघ संपली. कप्तान गप्प राहिला. मिस्त्रीण पिशवी घेऊन जिना चढून गेली, आणि रिकाम्या इंजिनखोलीसमोर बाबांचं वाक्य चालूच होतं. ते पुरं झालं तेव्हा जहाज आपोआप तळ सोडून निघालं होतं. मी माझ्या माईकने त्यांचा एकेक श्वास टिपला. इतकं मन लावून मी कधी ऐकलं नव्हतं.

ते पाठवताना सोबत सुनेने एवढंच लिहिलं: 'आमचा कप्तान गप्प नव्हता. तो बोलत होता. बाकी सगळं ठीक आहे.'

बरेच दिवस काही आलं नाही. मग गेम सगळ्यांसाठी बाजारात आला. त्या दुपारी नवरा छापखान्यातून लवकर घरी आला, तर ही दोघं पडद्याला नाक लावून बसलेली. नकाशावरची अक्षरं बारीक होती ती बारीकच राहिली होती. पण सेटिंगमध्ये एक नवी ओळ होती: उत्तराला वेळ. आणि तिच्यापुढे तीन पर्याय: थोडा, बेताचा, हवा तेवढा.

सुनेने तिसऱ्यावर बोट ठेवलं. "डबल," ती म्हणाली.

मिस्त्रीण आली. प्रश्न विचारला. रेघ नव्हती. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मिस्त्रिणीने फडक्याला हात पुसले. थोडं थांबून पुन्हा पुसले. नवरा दारात बूट हातात घेऊन उभा होता. "काय, अडकलंय का? बाबांना बहुतेक—"

"बोलतायत ते," ती म्हणाली. "थांब."

तो थांबला. मी त्याला कधी असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. बूट हातातच राहिले.

"उतरायचं… असेल… तर उतर," बाबा म्हणाले. "पण… इंजिनचा… आवाज… तुझ्याएवढा… कुणाला… कळत नाही. तू… बसून… सांग. हात… आम्ही… लावतो."

सुनेने तिन्ही उत्तरं वाचली आणि जवळचं निवडलं. मिस्त्रिणीने फडकं खांद्यावर टाकलं. मग एक खोका पालथा घालून त्यावर बसली. "बरं," ती म्हणाली, "मग तो पाना घ्या हातात."

नवऱ्याने बूट खाली ठेवले. सोफ्याच्या हातावर टेकला. "बाबा," त्याने विचारलं, "आता कुठल्या ग्रहावर नेताय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसून राहिला.

आता माझं म्हणाल, तर माझं वय झालंय. डावी स्टिक सैल पडली आहे. कुणी हात लावला नाही तरी कप्तान आपला डावीकडे चालत सुटायचा. म्हणून घरात एक पांढरा, तरणा कंट्रोलर आलाय. खेळतात ते त्याच्यावर. हेवा नाही करत मी, चांगला आहे पोरगा.

मला मात्र बाबांनी कपाटात जाऊ दिलं नाही. खेळताना ते मला आपल्या पडून असलेल्या उजव्या हातात ठेवून बसतात. माझ्यात आता बॅटरी नाही, माझ्या बटणांनी पडद्यावर काही होत नाही. काल मिस्त्रिणीशी बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा माझ्या एका बटणावर आला आणि ते दबलं. अगदी हलकंच, सुनेलाही कळलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तेव्हा ते स्वतः सांगतील.

तुमच्याकडे कुणी बोलायला लागलं, आणि त्याच्या शब्दांना यायला उशीर होत असला, तर माझं एवढं ऐका. अंगठा बटणावरून उचलून धरा.