व्हर्नाची शिवण

माझी मोठी बहीण व्हर्ना हिनं छत्तीस वर्षांपूर्वी एका उपग्रहाला ऊन-थंडीपासून जपणारं सोनेरी पांघरूण शिवलं होतं. अकरा आठवडे, हातानं. तो उडाला तेव्हा ती आजारी आईच्या उशाशी होती. पुढेही कधी पाहिला नाही, कारण आकाश तोंडपाठ असलेल्या सख्ख्या भावाला, म्हणजे मला, तिनं हे सांगितलंच नाही. उपग्रह दोन दिवसांत जळून पडणार अशी बातमी आली, तेव्हा कुठे तोंड उघडलं. आमच्या नेब्रास्कावरून त्याची एकच फेरी उरली होती. मी हिशेब केला: गुरुवार, पहाटे पाच-चाळीस.

मका कापलेल्या शेतात पिकअप उभी केली. मार्चची थंडी मी म्हणत होती.

"तो बघ, लेनी!"

"ती शुक्राची चांदणी. जागची हलली तर सांग."

"मोठा आलाय शहाणा."

पाच-चाळीस झाले, पाच-पन्नास झाले. काही नाही.

"रात्रीच पडला वाटतं," ती म्हणाली आणि तिचा आवाज रडवेला झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला गाडीत बसवून कॉफी दिली. कप घेताना तिच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. चार-पन्नास.

"घड्याळ बंद पडलंय तुझं."

"बंद कशाला पडेल? रविवारी उन्हाळी वेळ लागली, सगळ्यांनी घड्याळ तासभर पुढे केलं, माझं राहिलं."

मी कपाळावर हात मारला. उपग्रह टिपणाऱ्या आम्हा हौशी मंडळींच्या यादीतल्या वेळा ग्रिनिचच्या असतात. हिवाळाभर त्यातून सहा तास वजा करायचे, रविवारपासून पाचच. चाळीस वर्षांचा अनुभव गेला चुलीत!

"म्हणजे अजून यायचाय?"

"पन्नास मिनिटांनी."

"गाढवा!" म्हणत तिनं जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाची, माझ्या हातात कोंबला.

पूर्व उजळू लागली. एकेक तारा विझला, शुक्र तेवढा राहिला. एवढ्या उजेडात तो दिसेल का?

सहा-चाळीसला तो नैर्ऋत्येकडून वर आला. इतका खालून, इतका वेगानं जाणारा उपग्रह मी जन्मात पाहिला नव्हता. कोलांट्या खात होता, आणि दर कोलांटीला सोन्यासारखा लखलखत होता. आवाज कसलाच नाही. हजारो उपग्रह मी टिपले, पण त्यांना कुणाचे हात लागले असतील हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शुक्राच्या शेजारून तो उजेडात दिसेनासा झाला. व्हर्नाची बोटं सुई धरल्यासारखी हलत होती.

"लेनी," ती म्हणाली, "एकही टाका उसवला नाही रे."