हळद लागलेलं पाऊल

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे, मित्रांनो. बुलढाण्याकडच्या एका फार्मसी कॉलेजात, पिंजऱ्यातच जन्मलो. मला नाव नाही. शेपटीवर शाईच्या तीन रेघा, तीच ओळख.

मळणीच्या थ्रेशरमध्ये सापडलेल्या हाताची जखम भरते, पण आतली नस दुखावल्याने बोटं बधिर राहतात. औषधाने ती नस लवकर जुळते का, हे तिथे संशोधन करणाऱ्या नीरजा मॅडमना पाहायचं होतं. त्यांनी मला भूल देऊन मांडीतली नस चिमट्याने दाबली. जाग आली तेव्हा मागचा एक पाय माझा राहिलाच नव्हता. काही उंदरांना औषध मिळे. आम्हा बाकीच्यांना मुद्दाम काहीच नाही, तुलनेसाठी. शेवटी सगळ्यांनाच कायमची भूल देऊन नस तपासायची, हेही ठरलेलं.

तळव्यांना शाई लावून आम्हाला कागदावर चालवत. बोटं फाकली की नस जुळू लागली, असं समजायचं. माझी फाकत नव्हती.

एकदा कागदावर शाईशेजारी पिवळा डाग उमटला. मॅडमचा हात थांबला.

“याला हळद कुणी लावली?”

पिंजरे झाडणाऱ्या रुखमाबाई पुढे आल्या. संकष्टीचा उपास होता, ओठ सुकलेले.

“मीनंच, मॅडम. रोज लावून राह्यली. गणपतीचं वाहन, अन् शेपटीवर महादेवाच्या कपाळासारखे पट्टे. लंगडताना पाहवलं नाही मले.”

“अहो मावशी, याला काहीच लावायचं नव्हतं! आता हा मोजणीत कसा धरू? बाकीच्यांना लावली?”

“नाही जी, यालेच.” त्यांनी मला ओंजळीत धरलं. “मंग आता मारसान काय याले?”

मॅडमनी नोंदवही ओढली.

“जे झालं ते तसंच लिहिते,” त्या म्हणाल्या. “हा वगळला. वरच्या समितीची परवानगी मिळाली तर जगेल.”

परवानगी आली का, मला कोण सांगणार? शेवटच्या दिवशी शेजारची झाकणं एकेक करून उघडली. गेलेलं कुणी परतलं नाही. मॅडमची पावलं माझ्यापाशी थांबली. मग पुढे गेली.

पुढे एका सकाळी रुखमाबाईंच्या तळहातावर माझी बोटं फाकली.

“हळदीनं झालं ना, मॅडम?”

“की आपोआप? याच्यावरून ते कधीच सांगता येणार नाही, मावशी.”

मित्रांनो, माझा पाय बरा झाला, पण कुणाच्या कामी आला नाही. कामी आले ते माझे शेजारी. आमच्यावर माया जरूर करा, फक्त आधी प्रयोग करणाऱ्यांना विचारा. आणि त्या औषधाने कुणाचं बधिर बोट कधी हललं, तर त्या रिकाम्या पिंजऱ्यांसाठी एकदा हात जोडा. रुखमाबाई रोज जोडतात.