निवट्यांचा पंचनामा

“ताई, इथं सही करा. ऊन चढतंय,” पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी कागद पुढे केला.

मैनाने कागद घेतला, पेन घेतलं नाही. दासगावच्या खाडीत मेलेले मासे पहाटे सगळ्यांत आधी तिनेच पाहिले, म्हणून तिला पंच केलं होतं. तीस वर्षं ती ओहोटीला या चिखलात उतरून, बिळांत हात घालून निवट्या, ही बोटभर लांबीची चिखलातली मासळी, धरत आली होती. महाडच्या बाजारात तिची पाटी तासाभरात रिकामी व्हायची.

तिने बोट फिरवत वाचलं. ‘उन्हामुळे पाण्यातील ऑक्सिजन कमी होऊन मासे मृत. कारण नैसर्गिक.’

“ह्यात निवट्या कुठं हायत?”

“मासे म्हटलं की सगळे आले.”

“नाय आले! चला, दावते.”

ती त्यांना बांधाच्या टोकाला घेऊन गेली. पाण्यापासून वीस पावलं वर, उघड्या चिखलात निवट्यांचा खच पडला होता. काही तर दगडांवर चढून मेल्या होत्या.

“साहेब, ही मासळी पुढच्या परांवर चालते. पाणी नासलं की चिखलावर येते, हवेवर जगते. श्रुतिका मॅडम मुंबईवरनं अभ्यासाला येऊन दोन वर्षं हिच्या चालीचे व्हिडिओ काढीत होती. ती सांगायची, कोट्यवधी वर्षांमागं दुसरी कुठली मासळी अशीच वर आली, परांचे पाय झाले, त्यातनं बेडूक, गुरं, तुमी-आमी. जी पाण्याभायेर जगते ती पाण्यातला ऑक्सिजन घटला म्हणून मरेल काय? वरच्या कारखान्यातनं कायतरी सोडलंय. चिखलच जळलाय. हे बघा!” तिने साडी वर खोचली. पोटऱ्यांवर लालभडक फोड उठले होते.

साहेबांनी नजर वळवली. दुसरा पंच, शेजारचा कुशाबा, हळूच म्हणाला, “मैना गो, कशाला वाढवतेस? माझा अक्षय तिथंच कामाला हाय.”

“म्हणून तू सही केलीस?”

कुशाबा दोन पावलं मागे सरकला.

“कोणी मारल्या ते लिवू नका,” मैना साहेबांना म्हणाली. “निवट्या पाण्याभायेर मेल्या, येवढंच लिवा.”

“तसं लिहिता येत नाही, ताई.”

मैनाने त्यांच्या हातातलं पेन ओढून घेतलं. कागद मांडीवर ठेवून, मजकुराखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘निवट्या चिखलावर मेल्या. वरचं खोटं हाय.’ मग सही केली.

“झाला ना कागद खराब!” साहेब चिडले. त्यांनी तो घडी करून खिशात कोंबला, नवा काढला आणि गाडीच्या टपावर ठेवून तोच मजकूर पुन्हा उतरवला. कुशाबाने पुन्हा सही केली. मैनाच्या जागी गाडीच्या ड्रायव्हरने केली.

गाडी गेली. कुशाबाही गेला. मेलेल्या निवट्या टिपायला चिखलावर बगळे घिरट्या घालू लागले होते. पाय आगीसारखे जळत होते, तरी मैनाने बांधावरची काठी उचलली आणि आत उतरली.

“हाड! मराल रे!” ती ओरडत होती. भरतीचं पाणी चढेपर्यंत तिने एकाही बगळ्याला खाली टेकू दिलं नाही.