जित्या माणसाचा एन्लार्ज

देवबागात एन्लार्ज म्हणजे मेलेला माणूस. मुंबईत त्या शब्दाचा अर्थ काहीही असो, इथे जिवंतपणी कुणी फोटो मोठा करून घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. माणूस गेला की घरचे पेटीतला फोटो शोधायचे, मालवणच्या स्टुडिओत नेऊन एन्लार्ज करायचे आणि हार घालून भिंतीला लावायचे. फोटोच नसला तर लग्नातल्या ग्रुपमधून मुंडकं काढून घ्यायचे. भांडणात बाप्ये एकमेकांना दमसुद्धा तसाच द्यायचे, "गप ऱ्हव, नायतर तुझो एन्लार्ज लावीन."

त्या पौषात एन्लार्ज आला तो सुगंधाच्या दारात. तिचा नवरा लवू मुंबईला गोदीत होता. आगबोटीतून उतरलेलं पार्सल गुलाम होडीवाल्याने आणून दिलं. पाठवणाऱ्याचा निरोप काही त्याच्याजवळ नव्हता. थोरला दीर धोंडू याने गोणपाट फाडलं. आत काचेच्या चौकटीत कोट घातलेला लवू, हातभर मोठा. सासू नर्मदा ऊर बडवत खाली बसली.

सुगंधाचं डोकं जाग्यावर होतं. ती म्हणाली, "भावजी, आधी मुंबैक तार करा. मगे काय ता करा."

"तारेन मेलेलो उठतलो?" धोंडू म्हणाला. "कुंकू लावलेली रांड घरात ठेवन मी होडी दर्यात घालू कशी?"

मासळीचे दिवस होते, आणि धोंडूला घाई होती. एरवी भावजयीची सावलीही टाळणारा हा सोवळा माणूस. त्याने तिचं मनगट धरून उंबऱ्यावर दाबलं. शेजारच्या दोघी विधवा तिच्या पायांवर बसल्या. सासूने वरवंटा घातला. काकणं फुटली आणि काचा मनगटात रुतल्या. सुगंधा सासूच्या दंडाला कडकडून चावली, तेव्हा धोंडूने तिच्या कुशीत लाथ घातली. मंगळसूत्र हिसकताना मानेची कातडी सोलवटली. कपाळ राखेने इतकं घासलं की कुंकवाच्या जागी रक्त आलं. आणि ती शेवटपर्यंत एकच म्हणत होती, "तार करा. माझ्या बापांनो, तार करा."

पुढच्या आगबोटीने लवू आला. अंगात तोच कोट. सासूने किंकाळी फोडली, मग त्याचं तोंड चाचपून रडली. सगळा प्रकार ऐकून लवू पोट धरून हसला.

"गाढवांनो, एन्लार्ज म्हणजे नुसतो मोठो केल्लो फोटो. मुंबैत जिती माणसा करतत. मी मुकादम झालंय, म्हणान केलंय."

मग सगळेच हसले. धोंडू तर जास्तच. सुगंधा चुलीपाशी उभी होती, हाताला फडकं गुंडाळून. फडक्यातून पू येत होता. लवूने ते पाहिलं.

"खूप लागला?" त्याने विचारलं. "जाव दे. तेंका काय ठावक? रीतच ती."

ती वाट पाहत राहिली. हा भावाकडे वळेल, एक शब्द तरी विचारील, याची. लवू वळला आणि म्हणाला, "दादा, औंदा सुरमई गावली काय?"

सासूने लगोलग कासार बोलावला. हिरवी काकणं पसरली. सुगंधाने हात पाठीमागे घेतला.

"माका नको. माझो घोव मेलो."

लवूने सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. तिने तो पदराने पुसला आणि तशीच बाहेर पडून खाडीवर गेली. लवूला उतरवून गुलाम अजून तिथेच विडी ओढत बसला होता.

"खंय चललंस गो?"

"तोंडवळीक, माहेराक. माका सुतक आसा."

गुलामने तिचं कपाळ पाहिलं, हात पाहिला. मग विडी टाकून त्याने होडी पाण्यात लोटली.