जोलीनचा आडोसा

देवानं व्हर्लिन हाक याला डोकं द्यायचं विसरून नियमांचं पुस्तक दिलं, असं जोलीन टेस्मर म्हणायची, आणि त्याच्या तोंडावरच म्हणायची.

अमेरिकेतल्या रसीन शहरात, तिच्या घराच्या तळघरात दर शनिवारी दुपारी खेळ रंगायचा. व्हर्लिन बुटका योद्धा, पेग चेटकीण आणि रस्टी चोर. तिघं टेबलाशी बसून एका काल्पनिक राज्यात भटकायचे, आणि त्या राज्यातले राजे, राक्षस, वादळं सगळं जोलीनच्या तोंडून यायचं. ती सूत्रधार. घाव लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. सूत्रधाराचा फासा पडायचा पुठ्ठ्याच्या आडोशामागे. तिथे कुणी डोकवायचं नाही, हा सगळीकडचा शिरस्ता.

आता त्या आडोशामागे फाशाला कोण विचारतंय? जोलीन तो टाकायची, खुळखुळ ऐकवायची आणि मनात येईल ते सांगायची. प्लास्टिकच्या ठोकळ्यानं कथा सांगायची, मग माणसानं काय माश्या मारायच्या? दाताच्या दवाखान्यात ती फोन घ्यायची. तिथे आठवडाभर तिचं एक वाक्य कुणी पुरं होऊ देत नसे. इथे मात्र तिनं आवाज खाली आणला की तिघांच्या बिअर तशाच हातात राहायच्या. हे एवढंच तिचं राज्य होतं.

व्हर्लिन मध्येमध्ये नाकानं कांदे सोलायचाच. बाण इतक्या लांब जात नाही, चिलखत घालून पोहता येत नाही. हा पढतमूर्ख पानं पाठ करतो, तशी एखादी कल्पना करून दाखवेल तर शपथ, असं म्हणून जोलीन त्याला उडवून लावायची.

पण गेल्या शनिवारी त्याचा बुटका कड्यावरून पडला. तो मरू नये म्हणून जोलीननं खाली गवतानं भरलेली गाडी आणली. व्हर्लिननं विचारलं, ओसाड दरीत गाडी कुणी नेली? जोलीन म्हणाली, शेतकऱ्यानं. त्यावर तो म्हणाला की यापुढे फासे सगळ्यांसमोर पडू देत, निकाल पुस्तकाप्रमाणे लागू दे. नाहीतर खेळ मी चालवतो, माझी तयारी आहे. पेग आणि रस्टीनं मान खाली घालून सांगितलं, एकदा करून बघायला काय हरकत आहे.

खुर्चीच जायची वेळ आली. जोलीननं ठरवलं, याला पुस्तक हवंय ना, पुस्तकच खाऊ घालायचं.

आज बाहेर बर्फ पडत होता. पेगनं आणलेलं तळलेलं चीज टेबलावर होतं. जोलीननं आडोसा घडी करून जमिनीवर ठेवला, पुस्तक उघडलं आणि फोनवर तारखा सांगाव्यात तशी कोरडी वाचत गेली. गुहा आली. कोळी आला. तिनं फासा सगळ्यांसमोर टाकला, आणि कोळी बुटक्याला चावला.

"विष," ती म्हणाली. "पुस्तकात काय लिहिलंय ते तूच सांग."

"अकराच्या खाली पडलं तर मरण," व्हर्लिन म्हणाला.

त्यानं फासा टाकला. तीन.

सहा वर्षं खेळवलेला बुटका मेला. जोलीन मागे रेलून बसली. उतारा घेऊन येणारा एक संन्यासी तिनं मनात तयारच ठेवला होता. आता हा हातापाया पडेल, आणि संन्यासी पाठवण्याआधी आपण याची अशी खरडपट्टी काढू की पुस्तक चुलीत घालेल.

व्हर्लिननं काही मागितलं नाही. तो फाशाकडे बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले. मग तो हसला. म्हणाला, मेला की खरंच! पात्र मेलं की त्याच्या मालकानं पुढच्या शनिवारी सगळ्यांना ब्रॅट सॉसेज भाजून घालायचे, असं या टेबलावर कधीकाळी ठरलं होतं. आजवर ती वेळच आली नव्हती. रस्टीनं उठून त्याची पाठ थोपटली. पेगनं खुर्ची टेबलाशी ओढली. पुढे माझी चेटकीण आहे, ती म्हणाली, टाक ना फासा.

"मी त्याला वाचवू शकले असते," जोलीन म्हणाली. "एका वाक्यात. तुम्हा सगळ्यांना तशीच तर वाचवत आले."

पेगनं तिच्या हातावर हात ठेवला. "अगं, ठाऊक आहे ना आम्हाला. पहिल्यापासून. तू इतकी रंगून सांगायचीस, तुला वाईट वाटू नये म्हणून आम्हीही घाबरल्यासारखं करायचो."

जोलीननं रस्टीकडे पाहिलं. तो चीज निवडून घेण्यात गुंतला होता.

"मला नव्हतं ठाऊक," व्हर्लिन म्हणाला. "मी खरंच घाबरायचो. गेल्या शनिवारपर्यंत."

जोलीननं जमिनीवरच्या आडोशाकडे एकदा पाहिलं आणि फासा हातात घेतला. पेग फाशाची वाट बघत होती.