ऐनाच्या फळीवर तपासलेली बंदूक

मित्रांनो, माझी नळी आता ठोकून चपटी केली आहे. माझ्यातून पुन्हा छर्रा सुटणार नाही. मी छऱ्याची बंदूक, लोणावळ्याच्या पोलीस चौकीत मुद्देमालाच्या खोलीत पडून असते. औंढे गावच्या विठाबाईचा जीव माझ्यामुळे गेला. तो कसा गेला, तेवढेच मला सांगायचे आहे.

माझ्यात दारू नसते. आत एक स्प्रिंग असते. नळी बिजागरीपाशी मोडून खाली ओढली की ती दबते. घोडा ओढला की ती सुटते आणि तिच्या पुढची हवा छऱ्याला ढकलते. स्प्रिंग मऊ असेल तर छर्रा बेताने जातो, कडक असेल तर जोराने. दोन्ही बंदुका बाहेरून सारख्याच दिसतात.

एकोणीसशे पासष्ट साली लोणावळ्याच्या बाजारातल्या एका दुकानात आम्ही अशाच दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. भिमाजी आला तेव्हा दुकानदाराने त्याला फरक समजावला.

"भाऊ, पाच फुटांवरून देवदाराच्या इंचभर जाड फळीवर मारून बघतात. हिचा छर्रा फळीतच अडकतो, म्हणून हिला परवाना लागत नाही. तिचा छर्रा आरपार जातो. तिला सरकारचा परवाना पाहिजे."

"मला उंदीर मारायचेत, वाघ न्हाई," भिमाजी म्हणाला आणि त्याने मला उचलले.

औंढ्यात त्याचे आंबेमोहोर भाताचे वावर होते, घरात बायको विठाबाई आणि एक लेक होती. भात पोटरीत आले की पाखरांचे थवे उतरत, खळ्यावर उंदीर येत. मी मारत सुटले. पोपटाचा पंख मोडला की तो बांधावर गोल गोल फिरायचा आणि भिमाजी त्याला टाचेखाली दाबायचा. उंदीर पोटात छर्रा घेऊन ओरडत बिळात शिरायचे आणि तिथेच कुजायचे. गावात माझे नाव झाले. लोक मला मागून न्यायला येत. भिमाजी रोज संध्याकाळी मला तेल लावून खुंटीवर ठेवायचा.

विठाबाई चुलीपुढून म्हणायची, "माज्या डोक्याला थेंब न्हाई आन् हिच्या नळीला रोज तेल. सवतच आणलीया घरात."

"सवत तरी गप बसती," भिमाजी म्हणायचा.

"बसंल. तिचं त्वांड हाय कुणाकडं, त्ये बगा आदी."

मग तो मला फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

चार वर्षे अशी गेली. मग घरात घुशी आल्या. मांजराएवढी घूस, जाड कातडीची. माझा छर्रा लागला तरी अंग झाडून पळायची. त्यांनी घराखाली बिळे केली आणि बियाण्याची कणगी तळातून फोडली. भिमाजी चिडला. त्याने मला कोंडाजी मिस्त्रीकडे नेले. कोंडाजीने माझी मऊ स्प्रिंग काढली आणि जाड तारेची कडक स्प्रिंग बसवली. त्यानंतर माझी नळी खाली ओढायला भिमाजीला गुडघ्याचा आधार घ्यावा लागू लागला.

दुकानदाराचे बोलणे भिमाजीच्या ध्यानात होते. पण मावळात देवदार कुठला? घरात फळी होती ती जुन्या बैलगाडीच्या साटीची, ऐनाच्या कठीण लाकडाची. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाऊन लोखंडासारखी झालेली. त्याने ती अंगणात उभी केली, पाच फूट मागे गेला आणि मारले. छर्रा फळीत रुतून बसला.

"बग," तो विठाबाईला म्हणाला, "फळी फुटली न्हाई. अजून परवाना लागत न्हाई. खेळणं हाय हे."

"फळी ऐनाची हाय," ती म्हणाली. "माणूस ऐनाचा असतो व्हय?"

तो हसला. मी हसू शकत नव्हते. मला माझ्यातला जोर कळत होता.

त्या हिवाळ्यात पावट्यात वानरे आली. भिमाजीने एका मादीवर नेम धरला. पूर्वी वानरे माझ्या आवाजाने नुसती पळायची. या वेळी छर्रा छातीत शिरला. ती आंब्यावरून फांद्यांवर आपटत खाली आली. तोंडातून रक्त येत होते आणि पोटाला पिल्लू तसेच चिकटलेले होते. पिल्लू काढताना ते भिमाजीच्या बोटाला कडकडून चावले. रात्रीपर्यंत तेही मेले. विठाबाईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. मादीला न्हाऊ घातले, हळदकुंकू लावले आणि भिमाजीकडून बांधाला खड्डा खणून घेतला.

"मारुतीचं रूप मारलंसा," ती म्हणाली. "ती इस्प्रिंग काडून टाका."

"पावटा निगू दे. काडतो."

पावटा निघाला. पुढचे भातही निघाले. स्प्रिंग राहिली.

एकाहत्तर सालचा मार्गशीर्ष. सकाळची वेळ. भिमाजी कणगीपाशी मला ताणून बसला होता. कुडाखालच्या बिळातून घूस बाहेर येणार, हे त्याला माहीत होते. तुम्हांला कूड ठाऊक आहे ना? कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. आमच्याकडची भिंत ती. वारा अडतो, पाऊस अडतो. विठाबाई पाण्याला गेली असे भिमाजीने धरले होते. ती गेली नव्हती. घुशीचे बीळ बुजवायला ती कुडाच्या बाहेरच्या बाजूला चिखल घेऊन बसली होती. तिने बाहेरून बिळात दगड ठोकला, म्हणून घूस आत निघाली आणि कुडाच्या कडेने धावली. ती एवढी घाबरून का निघाली, हे भिमाजीने विचारले नाही. त्याने घोडा ओढला.

घूस वाचली. छर्रा शेणमातीतून आणि दोन काठ्यांच्या फटीतून गेला.

"अवं," बाहेरून विठाबाई म्हणाली, "मला हितं कायतरी लागलं."

तो धावला. ती चिखलाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसली होती. कानाखालून रक्त उसळत होते. त्याने धोतर फाडून दाबले, ते भिजले, दुसरे दाबले, तेही भिजले. बैलगाडी लोणावळ्याच्या वेशीवर पोचली तेव्हा ती गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी फौजदार येणार होते. त्याआधी भिमाजीचा थोरला भाऊ रखमाजी कोंडाजीला घेऊन आला. कोंडाजीच्या हातात माझी जुनी मऊ स्प्रिंग होती.

"ही बसीव," रखमाजी म्हणाला. "सायेब फळीवर मारतील, छर्रा अडकंल. मग हिला परवाना लागत न्हाई, असं ठरतं. चुकून लागलं म्हणायचं. तुज्या लेकीचं लगीन ऱ्हायलंय, इसरू नगं."

कोंडाजीने मला मांडीवर घेतले. त्यालाही स्वतःची भीती होती. भिमाजीने मला ओढून घेतले.

"दादा, मऊ इस्प्रिंगनं ती मेली नसती," तो म्हणाला. "काडा म्हणत हुती, तवा मी काडली न्हाई. आता काडू?"

"आरं, आत जाशील."

"जाईन."

फौजदारांची वाट न बघता तो मला खांद्यावर टाकून चौकीवर चालत गेला. कोंडाजीचे नाव त्याने घेतले नाही. फौजदारांनी देवदाराची फळी मागवली. पाच फुटांवरून मारले. छर्रा फळीतून पार जाऊन मागच्या विटेवर फुटला. भिमाजी उठला, फळीजवळ गेला आणि त्या भोकात त्याने करंगळी घातली. पलीकडून बोट दिसेपर्यंत घातली. फौजदारांनी त्याला काढ म्हटले नाही.

त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो आलाही. रखमाजी एकदा कुठल्याशा कागदावर सही करायला चौकीत आला, तेव्हा हवालदाराला सांगत होता. भिमाजी आता कुठल्याही घराशी गेला की आधी बाहेरून हाक मारतो. लेक नांदायला गेल्यावर रिकाम्या झालेल्या स्वतःच्या घरालाही मारतो आणि ओ येण्याइतका वेळ थांबतो.

मित्रांनो, फळी सरकारने परवान्यासाठी ठरवली आहे. फळीत अडकणारा छर्राही माणसाला लागतोच. माझ्यासारखी कुणाच्या घरी असेल तर तिची स्प्रिंग बदलू देऊ नका. आणि मोठे माणूस नेम धरून बसले असेल, तर लहान आहोत म्हणून गप्प राहू नका. बंदूक आधी खाली ठेवायला सांगा आणि मगच भिंतीपलीकडे कोण आहे, ते बघून या.