राखेच्या पाण्यातल्या काचा

प्रोफेसर लोकायले मशीन शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी बारा वर्सं म्हणत आलो. मी रहेमतुल्ला. आधी तंबूतल्या सिनेमाची मशीन चालवत होतो, मंग सरकारच्या शिक्षणखात्यानं मले मॅजिक लँटर्नवर घेतलं. काम काय, तं पेटी घेऊन गावोगावच्या कॉलेजात जायचं, काचेवरचं चित्र भिंतीवर कसं पाडायचं ते शिकवणाऱ्यायले शिकवायचं, अन् पुढच्या गावची गाडी धरायची. बी.ए., एम.ए. झालेली माणसं, पण स्लाइड उलटी घाला म्हटलं की नेमकी सुलटी घालत, अन् भिंतीवरचं झाड शेंडा खाली करून उभं राहे. मले असा राग येई की इचारू नका. तोंडाले कुलूप लावणं आपल्याले कधी जमलंच नाही.

तं हे एकेचाळीस सालचं, दिवाळीनंतरचं. शेगावले एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमधी नवं इंटर कॉलेज भरत होतं. तिथी वनस्पतिशास्त्र शिकवाले भगवंतराव नावाचे एक गृहस्थ होते. पन्नाशीच्या पुढचे, काटकुळे, एकटेच राहणारे. वीस वर्सं हायस्कुलात मास्तरकी केलेली, म्हणून प्रोफेसर झाल्यावरबी सारं गाव त्यायले मास्तरच म्हणे. एम.एस्सी. झालेले नव्हते. कोणी मिळालं नाही म्हणून प्रिन्सिपॉलनं त्यायले घेतलं, अन् आता नागपूरहून कमिटी येऊन राह्यली होती.

प्रिन्सिपॉलनं मले खोलीत बोलावून साफ सांगतलं, "कमिटी मशीनवरचा एक तास पाहणार. जमला तं मास्तर पक्के. नाही जमला तं नागपूरचा एम.एस्सी. पोरगा तयार बसला हाये." हायस्कुलातली मास्तरची जागा तं कवाच भरली होती. म्हणजे माणूस ना घर का ना घाट का.

चार दिवस मी त्यायले शिकवलं. मशीनमधल्या कारबाईडच्या दिव्याची ज्योत भडकली की मास्तर दोन हात मागं सरकत. हात थरथरे. स्लाइड खाचेत सरकवताना कडेले आपटत. "मास्तर, काच हाये ते, कवाडाची कडी नाही!" असं मी दिवसातून दहा वेळा ओरडलो असीन. ते फक्त "हाव, हाव" म्हणत अन् पुन्हा करून पाहत. हात मात्र चौथ्या दिवशीबी तितकाच थरथरत होता. बारा वर्सांत कोणी माह्या हाताखाली असं पणाले लागलं नव्हतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यायले म्हटलं, "उद्या काचा आरशावाणी लख्ख पाह्यजेत. बोटाचा एक ठसा राह्यला तं भिंतीवर सुपाएवढा दिसते." वीस स्लाइडींची लाकडी पेटी मास्तर उराशी धरून घरी घेऊन गेले.

सकाळी आठले मी शेडमधी खिडक्यांले घोंगड्या टांगून राह्यलो होतो, तं मास्तर आले. पेटी टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "काय झालं? पुसल्या का?" त्यायनं झाकण उघडलं. मी एक काच उचलून उजेडाले धरली. पलीकडची भिंत दिसली. दुसरी उचलली. तिच्यातूनबी भिंतच. वीसच्या वीस काचा कोऱ्या!

"चित्रं कुठी गेली?"

"परातीत," मास्तर म्हणाले. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. "मी कंदिलाची काच रोज राखेच्या पाण्यात भिजू घालतो, सकाळी धुतो. काजळी निघून जाते, काच लख्ख होते. मले वाटलं, चित्र काचेच्या पोटात असते. सकाळी पाह्यलं तं सायीवाणी पाण्यावर आलेलं."

या अल्ला! युद्धामुळं स्लाइडीवर बसवायची दुसरी काच मिळत नव्हती, म्हणून या चित्रांवर झाकण नव्हतं. नुसता सरसासारखा थर, तोबी उघडा. कोरड्या मऊ फडक्यानं मागची बाजू तेवढी पुसायची असते. हे कोण्याबी ऑपरेटराले माहीत असते.

मी जे तोंड सोडलं ते सोडलं. "वनस्पतिशास्त्र शिकवता अन् एवढी अक्कल नाही? कंदील अन् हे एक हाये काय? बारा वर्सांत बुरशी लागली असीन स्लाइडले, तडा गेला असीन, पण कोणी शिजवून नाही आणल्या!" मास्तर खालमानेनं ऐकत राह्यले. हात टोपीच्या कडेवरून फिरवत होते. मंग म्हणाले, "रहेमतभाई, किती वाजता येते कमिटीची गाडी?"

"अकराले. तास एकचा."

दुसऱ्या स्लाइडी अमरावतीहून याले दोन दिवस लागले असते. मी म्हटलं, "सांगू, गाडीत फुटल्या म्हणून."

"मंग तुकडे इचारतीन."

"फोडू ना आताच! काय जाते?"

"नको," मास्तर म्हणाले. "काचा चांगल्या हायेत."

माह्या मस्तकात तिडीक गेली. चांगल्या हायेत म्हणे! मी दिवा पेटवला, एक कोरी काच खाचेत खुपसली अन् म्हटलं, "हे पाहा, हे दाखवा कमिटीले. ठणठणगोपाळ!"

भिंतीवर पांढरा उजेड पडला. अन् त्या उजेडात मधोमध एक लांब दोर, पीळ पडलेला, सुतळीएवढा जाड. मी काच काढून पाह्यली तं ओलसर काचेले कापसाचा एक तंतू चिकटला होता. जिनिंगची शेड, तिथल्या हवेतच कापूस. मी फुंकर मारणार तोच मास्तर ओरडले, "थांबा!" चार दिवसांत पहिल्यांदा त्यायचा आवाज चढला. भिंतीजवळ जाऊन त्यायनं त्या पिळावर बोट ठेवलं. "कापसाच्या तंतूले असा पीळ असते, हे मी वीस वर्सं खडूनं काढून दाखवतो. पोरायले कधी खरं वाटलं नाही."

त्या कोऱ्या काचांवर आपणच स्लाइडी करायच्या ठरल्या, अन् मंग जी धावपळ झाली ती सांगता येत नाही. मास्तर धोतराचा सोगा खोचून मागच्या वावरात पळाले. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, किडकी बोंडं आणली, पिंपळाचं जाळी झालेलं पान आणलं, कोणाच्या तरी घरून कांदा आणला. कांद्याचा पापुद्रा दोन काचांमधी ठेवून मी दोऱ्यानं बांधला. तो फाटला. दुसरा काढला, त्यात हवेचा बुडबुडा. तिसरा बसला. बोंड फोडलं तं आत गुलाबी अळी, जिती. ती चिरडू नये म्हणून काचेच्या चारी कडांले काडेपेटीच्या काड्या लावल्या, मंग वर दुसरी काच. कमिटी कॉलेजच्या फाटकाशी आली तवा आमच्याजवळ फक्त सहा स्लाइडी तयार होत्या. कारबाईड तासाभराचंबी नव्हतं. माह्या हाताले घाम सुटला होता, मास्तरपेक्षा जास्त.

एक वाजला. कमिटीचे तिघं पुढच्या बाकावर बसले. मधात चेअरमन, जाड चष्मेवाले, मांडीवर कागदाचं पॅड. मागं पन्नास पोरं, दाराशी प्रिन्सिपॉल. मी घोंगडी सोडली अन् अंधार केला.

मास्तरनं पहिली काच घातली. कांद्याचा पापुद्रा. भिंतीवर काहीच उमटेना, नुसतं धुकं. चेअरमन खाकरले. मास्तर इंग्रजीत एक वाक्य बोलले अन् अडकले. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा अडकले. दाराशी प्रिन्सिपॉलचे जोडे कुरकुरले. मी मनात म्हटलं, गेलं, सारं गेलं. मी हात पुढं करणार होतो, पण कमिटी मास्तरचा हात पाहाले आली होती, माहा नाही. मंग मास्तरनं भिंग हळूहळू फिरवलं. धुक्यातून रेघा आल्या. इटांची भिंत रचावी तशा पेशी, एकीले एक लागून, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मागून कोणीतरी "अरे बाप्पा" म्हटलं.

पिंपळाचं पान झालं, तंतू झाला. मंग अळी. दिव्याच्या गरमीनं ती वळवळाले लागली, अन् भिंतीवर हातभर लांबीचं धूड डोकं उचलून इकडून तिकडं जाऊन राह्यलं. मागची दोन पोरं बाकावर चढली. एक पोरगा ओरडला, "मास्तर, हे तं आमच्या वावरातलं हाये!"

"तुह्याच बापाच्या वावरातलं हाये बे," मास्तर म्हणाले. अन् इंग्रजी तिथंच सुटलं. अळी बोंडात कशी शिरते, सरकीत कशी लपते, जुन्या पऱ्हाट्या वावरात काऊन ठेवू नये, हे सारं त्यायनं आपल्या बोलीत सांगतलं. हात थरथरत होता, मशीन मात्र नीट चालत होती. ज्योत बारीक होत होत पिवळी पडली, अन् मी वाटीतलं शेवटचं कारबाईड टाकलं. तास संपला तवा दिवा विझाले आला होता.

घोंगडी वर केली. चेअरमन हसून राह्यले होते. मले वाटलं, सुटलो. पण त्यायनं पॅडवर बोट ठेवलं अन् इचारलं, "तास उत्तम. पण यादीत वीस स्लाइडी आहेत. त्या कुठे?"

प्रिन्सिपॉलनं माह्याकडं पाह्यलं. मी जमिनीकडं. मास्तर म्हणाले, "माह्या हातून खराब झाल्या साहेब. राखेच्या पाण्यात धुतल्या."

"राखेच्या?" चेअरमनचं हसू गेलं. "सरकारी सामान आहे हे. ज्याला काच पुसता येत नाही, त्याच्या हाती मशीन कशी द्यायची? कशाने पुसायची, हे या ऑपरेटरला विचारता नाही आलं?"

मास्तरनं एकदा माह्याकडं पाह्यलं. मंग म्हणाले, "मी इचारलंच नाही."

चेअरमननं टाक उचलला. अन् तवा मले आठवलं. शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी दिव्याचं भोक बुजलं होतं, मी खाली वाकून तार घालून राह्यलो होतो, बोट भाजलं होतं. मास्तर मागून म्हणाले होते, "रहेमतभाई, काच कशानं पुसत असतात?" अन् मी मान वर न करता म्हटलं होतं, "लहान लेकरालेबी समजते ते. बोलू नका मधात." त्यानंतर दोन दिवस त्या माणसानं मले एक सवाल केला नाही. मी समजलो, आता शिकला.

बारा वर्सांत असे किती लोक माह्यापुढं "हाव, हाव" म्हणत गप बसले असतीन? नोकरी माहीबी होती. घरी बायको अमीना होती, म्हातारी माय होती. टाक कागदाले टेकला.

"साहेब," मी म्हटलं, "त्यायनं इचारलं होतं. मी सांगतलं नाही. मी त्यायच्या अंगावर ओरडलो."

"मग स्लाइडी कोणी खराब केल्या?"

"धुतल्या त्यायनं. खराब मी केल्या."

चेअरमननं टाक थांबवला. मंग पॅडचं ते पान उलटलं अन् नव्या पानावर माहं नाव इचारलं. रहेमतुल्ला वल्द फकीर मोहम्मद. मी सांगतलं, त्यायनं लिहिलं.

आठ दिवसांनी दोन कागद आले. मास्तर पक्के झाले. मले मशीनवरून काढून अमरावतीच्या गोदामात सामान मोजाले बसवलं. मी कोणाले दोष देत नाही. रडू मात्र आलं, खोटं काऊन बोलू.

निघायच्या दिवशी मी ट्रंक बांधून राह्यलो होतो. मशीन शेगावलेच ठेवायचा हुकूम होता. मास्तर दारात येऊन उभे राह्यले. आत येईनात. टोपीच्या कडेवरून हात फिरवत होते. मी म्हटलं, "या ना मास्तर, काय झालं?"

"गाडीची वेळ झाली असीन तुमची," ते म्हणाले. "नाही तं एक इचारायचं होतं."

"इचारा."

"दिव्याचं भोक बुजलं तं तार किती आत घालायची?"

मी ट्रंक बाजूले सारली. दिवा खोलला, तार त्यायच्या हातात दिली अन् म्हटलं, "घाला. चुकू द्या." ते चुकले. पुन्हा चुकले. मंग ज्योत कशी पाहायची ते त्यायनं इचारलं, मंग भिंग कसं काढायचं, मंग चार दिवसांत जे जे मनात दाबून ठेवलं होतं ते सारं इचारलं. स्टेशनावरून माह्या गाडीची शिट्टी आली. मास्तरनं मान वर केली.

"जाऊ द्या तिले," मी म्हटलं. "पुढं इचारा."